एकट्याचा निषेध महाग पडतो

(चेन्नईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्या बहुतेकांना घरून फोनवर एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "शिकायला गेलायस ना, मग शीक. भानगडीत पडू नको." आई म्हणते, वडील म्हणतात, कधी मामा म्हणतो. चेन्नईच्या गाडीत बसवताना म्हणालेले असतात आणि दर रविवारी पुन्हा म्हणतात.

या वाक्याला भित्रेपणा म्हणून हसायची आपल्या चळवळीत एक सवय आहे. मला ती पटत नाही. ज्या घरात पहिली पदवी आत्ता आली, पहिला कायमचा पगार अजून यायचाय आणि धाकट्या बहिणीची फी त्याच पगारावर ठरलीय, त्या घराचा तो हिशोब आहे. गावात तोंड उघडणाऱ्याची मजुरी कशी बंद होते, दळण कसं अडतं, हे त्या घरानं पाहिलेलं असतं. म्हणून आज भावनेची गोष्ट बाजूला ठेवू आणि हिशोबच मांडू. बोललं तर काय जातं? गप्प बसलं तर खरंच वाचतं का? आणि ही किंमत ठरवतं कोण?

त्यासाठी मी खेळाडूंची उदाहरणं घेतली आहेत. त्याला कारण आहे. नोकरीत, मुलाखतीत, पीएचडीच्या प्रवेशात "मेरिट नव्हतं" असं म्हणून विषय संपवता येतो. मैदानावर तसं म्हणणं अवघड असतं. किती बास्केट, किती बळी, किती सेकंद हे सगळ्यांसमोर मोजलेलं असतं. तिथेही माणूस बाहेर फेकला जातो तेव्हा कारण दुसरंच आहे, हे लवकर उघडं पडतं.

पहिला माणूस क्रेग हॉजेस. अमेरिकेतला काळा बास्केटबॉलपटू, शिकागो बुल्स संघाचा. मायकेल जॉर्डन हे नाव सगळ्यांना माहीत आहे, हॉजेस त्याच संघात होते. लांबून, म्हणजे तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकण्यात त्यांचा हात धरणारे थोडेच होते. एनबीएची तीन-गुणांची स्पर्धा त्यांनी १९९०, १९९१ आणि १९९२ अशी सलग तीन वर्षं जिंकली. १९९१ मध्ये एकापाठोपाठ १९ नेम लागले, एकही चुकला नाही. त्याच १९९१ मध्ये बुल्स विजेते झाले, १९९२ मध्येही झाले.

विजेत्या संघाला राष्ट्राध्यक्ष व्हाइट हाउसमध्ये बोलावतात. ऑक्टोबर १९९१ मध्ये बुल्स गेले. बाकीचे सूट घालून होते. हॉजेस पांढरा दाशिकी घालून गेले. दाशिकी म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला सैल सदरा, काळ्या चळवळीत अभिमानाची खूण मानला जाणारा. सोबत राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्यासाठी हातानं लिहिलेलं पत्र होतं. देशातले गरीब, बेघर, मूलनिवासी आणि काळे लोक यांच्याकडे सरकारनं लक्ष द्यावं, असा त्याचा आशय. घोषणा नाही, गोंधळ नाही. कपडे आणि एक पत्र.

त्याआधीही ते बोलत होते. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारलं. त्यानंतर अंतिम फेरीचा पहिला सामना दोन्ही संघांनी खेळू नये, असं हॉजेसनी जॉर्डन आणि मॅजिक जॉन्सन या दोघांना सुचवलं होतं. दोघांनीही ते मानलं नाही. हे हॉजेसनी २०१७ मध्ये आलेल्या आपल्या आत्मकथनात सांगितलं आहे. जॉर्डनच्या मौनावरही ते जाहीर बोलले.

१९९२ च्या हंगामानंतर बुल्सनी त्यांना सोडलं. ठीक आहे, संघ खेळाडू सोडतात. पण दुसऱ्या एकाही संघानं त्यांना बोलावलं नाही. चाचणीलाही नाही. वय ३२, दोन विजेतेपदं, तीन वर्षं नेमबाजीचा विजेता, आणि फोन वाजत नाही. १९९३ मध्ये आदल्या वर्षीचे विजेते म्हणून ते तीन-गुणांच्या स्पर्धेत उतरले तेव्हा अंगावर कुठल्याच संघाचं नाव नव्हतं. बुल्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनाही हे चमत्कारिक वाटलं होतं.

आता नीट लक्ष द्या. "तुझ्या राजकारणामुळे तुला घेत नाही" असं त्यांना अधिकृतपणे कुणीही म्हटलं नाही. वय झालं, बचाव कच्चा आहे, जागा नाही, अशीच कारणं. तुम्हाला हे ओळखीचं वाटत असेल. आपल्याकडे राखीव जागेच्या मुलाखतीनंतर यादीवर तीन शब्द येतात, "नॉट फाउंड सुटेबल". का नाही, कुणी ठरवलं, कशावरून, काही नाही. नकाराला कारण दिलं तर ते खोडता येतं. म्हणून कारणच द्यायचं नाही, ही जुनी युक्ती आहे आणि ती एकाच देशाची नाही.

हॉजेसनी १९९६ मध्ये एनबीएवर खटला भरला. दावा मोठा होता, ४ कोटी डॉलरचा. तो टिकला नाही, कारण मुदत उलटून गेली होती. या मुदतीकडे मी पुन्हा येणार आहे.

कुणी म्हणेल, हॉजेस बाकावरचे खेळाडू होते, थोडा वेळ खेळणारे, त्यांना बदली मिळणं सोपं होतं. मोठा खेळाडू असता तर वाचला असता. तर दुसरा माणूस बघा, महमूद अब्दुल-रऊफ. मिसिसिपीतल्या गरीब घरातला मुलगा, टुरेट सिंड्रोम हा आजार घेऊन वाढलेला. १९९० च्या निवडीत देशात तिसऱ्या क्रमांकावर उचलला गेला. १९९३-९४ च्या हंगामात २२९ फ्री थ्रोपैकी २१९ आत. डेन्व्हर संघाचे गुण सर्वाधिक तोच करायचा. १९९५-९६ मध्ये तो राष्ट्रगीताला उभा राहीनासा झाला. हा झेंडा अनेकांसाठी जुलमाची खूण आहे, असं तो म्हणाला. मार्च १९९६ मध्ये लीगनं निलंबित केलं. एका सामन्यानंतर तडजोड झाली, त्यानं उभं राहून मान खाली घालून प्रार्थना करायची. पण त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरनं त्याला दुसऱ्या संघाला दिलं आणि १९९८ पर्यंत, विशीतच, तो लीगबाहेर होता. पुढे एक हंगाम परत आला, तेवढंच.

म्हणजे गुणवत्ता हे कवच नाही. बाकावरचा गेला आणि पहिल्या फळीतलाही गेला. दोघांत समान काय होतं? दोघंही त्या क्षणी एकटे होते. संघ मागे नाही, शेजारचा मोठा खेळाडू गप्प, लीगला किंमत शून्य.

आता अमेरिकेतून आपल्याकडे येऊ आणि सत्तरेक वर्षं मागे जाऊ. पुणे आणि मुंबई. खेळ क्रिकेट. घर पाळवणकरांचं.

बाळू पाळवणकर हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. चांभार समाजातलं घर, वडील लष्करात नोकरीला. बाळू पुण्यात आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायला आणि लोळवायला होते, महिना ३ रुपये. मग इंग्रजांच्या पूना क्लबात, महिना ४ रुपये. तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता ते देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. पुण्याच्या हिंदू संघानं त्यांना घेतलं, कारण इंग्रजांना हरवायचं होतं. मैदानावर चेंडू त्यांच्या हातून सगळे घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. इतरांचा आत, कपबशीत.

पुढे ते मुंबईला आले. १९११ मध्ये भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही पुढे आले. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघ त्यांच्या जिवावर खेळत होता. पण कप्तान? दरवर्षी दुसराच. कधी वयाचा मुद्दा, कधी शिक्षणाचा, कधी काहीच मुद्दा नाही. १९१३ मध्ये हिंदू संघाचे कप्तान एम. डी. पै यांनी स्वतः एका सत्काराच्या भाषणात सांगितलं की हा मान ज्येष्ठ आणि अनुभवी बाळूंना मिळायला हवा होता. टाळ्या पडल्या असतील. कप्तानपद मात्र नाही.

१९२० साली हे टोकाला गेलं. पै आजारी होते. बाळूंना संघातूनच वगळलं आणि कप्तान केलं दि. ब. देवधरांना. तेव्हा विठ्ठलही संघातले आघाडीचे फलंदाज होते. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळायला नकार दिला. नुसता नकार दिला नाही, तर निवेदन लिहून ते वर्तमानपत्रातून जाहीर केलं. जातीवरून डावललं जाणं हा अपमान आहे आणि तो आम्ही सोसणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

निकाल काय लागला? बाळूंना परत घेतलं गेलं, उपकप्तान केलं गेलं. पै बरे होऊन कप्तान म्हणून आले आणि सामन्यात काही वेळ मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंनी चालवला. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पाळवणकर हिंदू संघाचे पूर्ण कप्तान झाले. त्या वर्षी इंग्रजांना हरवून संघ जिंकला आणि सवर्ण प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. हॉजेसनी पत्र दिलं आणि करिअर गेलं. पाळवणकरांनी संघच सोडला, म्हणजे जास्त मोठं पाऊल उचललं, आणि ते परत आले, वर कप्तानही झाले. का?

पहिलं कारण, ते एकटे नव्हते. दोघं एकदम बाहेर पडले आणि तिसऱ्यासाठी पडले. एकाला गप्प बदलता येतं. दोन उत्तम खेळाडू एकाच दिवशी गेले की संघ लंगडा होतो आणि लोक विचारतात, का?

दुसरं, त्यांनी कारण आधीच लिहून जाहीर केलं. फॉर्म नव्हता, दुखापत होती, असं म्हणायला कुणाला जागा ठेवली नाही. हॉजेसच्या बाबतीत कारण सांगायची मोकळीक दुसऱ्या बाजूकडे राहिली.

तिसरं, काळ. १९२० हे साल आठवा. ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केलं. मार्चमध्ये शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली. मे अखेरीस नागपूरला बहिष्कृत समाजाची परिषद झाली. पाळवणकरांनी हे सगळं बघून पाऊल उचललं असा माझा दावा नाही. पण त्यांचं निवेदन ज्या हवेत छापलं गेलं, त्या हवेत अस्पृश्यतेचा प्रश्न उघडपणे बोलला जात होता. नुसत्या एका घराचं गाऱ्हाणं म्हणून ते बाजूला सारता आलं नाही.

चौथं, आतला एक माणूस सरकला. पै यांनी १९१३ मध्ये नुसतं चांगलं बोलून दाखवलं. १९२० मध्ये ते मैदानाबाहेर गेले. या दोन कृतींत फार फरक आहे. दुसरीत त्यांनी स्वतःची जागा रिकामी केली.

इथे थांबलो तर गोष्ट फार गोड होईल, म्हणून पुढचंही सांगतो. विठ्ठलना १९२३ मध्ये खांद्यावर घेतलं, पण चार वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी हजारोंना चालत जावं लागलं आणि त्यानंतर मारही खावा लागला. खांद्यावर घेणं आणि पाण्याला हात लावू देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. एक कप्तान मिळाल्यानं दुसरी आपोआप येत नाही.

आणि बाळूंची पुढची वाट आपल्याला अवघड वाटेल अशी आहे. त्या वाटेत हे शहरही येतं. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर मद्रासचेच दोन नेते दोन बाजूंना होते. रेट्टमलै श्रीनिवासन गोलमेज परिषदेत बाबासाहेबांसोबत बसले होते. एम. सी. राजा यांनी डॉ. मुंजे यांच्याशी करार करून संयुक्त मतदारसंघ मान्य केले. बाळू राजांच्या बाजूनं गेले. १९३७ मध्ये तर ते काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी हरले. म्हणून त्यांना विसरायचं का? मला तसं वाटत नाही. १९२० चा नकार खरा होता आणि १९३७ ची चूकही खरी होती. मैदानावर ताठ उभा राहिलेला माणूस पुढे प्रत्येक प्रश्नावर बरोबरच असेल, अशी अट घातली तर आपल्याकडे पुतळेच उरतील, माणसं नाही. पण एक शिकण्यासारखं आहे. नावाजलेल्या खेळाडूला मोठे पक्ष लगेच आपल्याकडे ओढतात. आपली स्वतःची संघटना मजबूत नसेल तर त्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या कामी येते.

आता घरच्या फोनकडे वळू. बोललं तर जातं, हे पाहिलं. पण गप्प बसलं तर वाचतं का?

याचं उत्तर याच राज्यात आहे. शांती सौंदराजन. पुदुक्कोट्टई जिल्ह्यातल्या कथकुरिची गावची दलित मुलगी. आईवडील वीटभट्टीवर मजूर. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तिनं ८०० मीटर धावण्यात रौप्यपदक मिळवलं. तिनं कुठलं पत्र दिलं नव्हतं, कुठली घोषणा दिली नव्हती. ती फक्त धावली. तिची लिंगचाचणी घेतली, ती नापास ठरवली आणि पदक काढून घेतलं. सगळं देशभर बातम्यांत, तिच्या नावासकट. तमिळनाडू सरकारनं तिला १५ लाखांचं बक्षीस दिलं आणि ते परतही मागितलं नाही, ही नोंद करायला हवी. पण तिच्या बाजूनं आंतरराष्ट्रीय पातळीवर कुणी भांडलं नाही. २०१२ मध्ये ती पुन्हा वीटभट्टीवर रोजंदारी करताना दिसली. पुढे तिनं प्रशिक्षकाचा डिप्लोमा केला, मुलांना शिकवायला लागली आणि मग आपल्या पदकासाठी बोलायलाही लागली.

म्हणजे जिनं काहीच "भानगड" केली नाही, तिचंही गेलं. आपल्या माणसांचं करिअर फक्त बोलल्यामुळे जात नाही. गप्प राहणं हा विमा नाही. त्याचा हप्ता आपण रोज भरतो, पण वेळ आल्यावर पैसे मिळतीलच असं नाही.

आता तिच्या शेजारी ओडिशाच्या द्युती चंदला ठेवा. २०१४ मध्ये तिलाही हार्मोनच्या नियमावरून राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर वगळलं. आठ वर्षांत एवढाच बदल झाला होता की या वेळी तिच्या मागे लोक उभे राहिले. अभ्यासक होते, वकील होते, भारतीय क्रीडा प्राधिकरणही होतं. प्रकरण स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाकडे गेलं आणि जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियमच स्थगित केला. २०१६ ला ती रिओ ऑलिंपिकमध्ये धावली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिनं दोन रौप्यपदकं आणली. दोघी धावपटू, दोघी गरीब घरातल्या, आरोपही एकाच जातीचा. एकीच्या मागे कुणी नव्हतं, दुसरीच्या मागे होतं.

याच शहरात, आयआयटी मद्रासमध्ये, मे २०१५ मध्ये काय झालं तेही तुम्हाला माहीत आहे. आंबेडकर-पेरियार स्टडी सर्कलची मान्यता एका निनावी तक्रारीवरून काढली. देशभर विद्यार्थी रस्त्यावर आले आणि काही दिवसांत, जूनमध्ये, मान्यता परत द्यावी लागली. एखाद्या एकट्या विद्यार्थ्यावर ही कारवाई झाली असती तर आज आपल्याला त्याचं नावही माहीत नसतं.

पण संघटना म्हणजे जादू नव्हे. त्यानंतर आठ महिन्यांनी, १७ जानेवारी २०१६ ला, हैदराबादला रोहित वेमुला गेला. त्याच्यामागे संघटना होती, मित्र होते. पण फेलोशिप महिनोन्‌महिने थांबलेली होती, हॉस्टेलमधून काढलेलं होतं. म्हणून मी असं म्हणत नाही की एकत्र आलात तर किंमत लागत नाही. किंमत लागते. एकत्र असलो तर ती वाटून घेता येते, आणि ती वाटायची व्यवस्था आधी लावावी लागते. बाबासाहेबांचा क्रम पाहा. १९२३ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली, म्हणजे पोट कुणा मालकाच्या मर्जीवर ठेवलं नाही. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. महाड त्यानंतर, १९२७ ला. आपण भिंतीवर लिहितो त्या तीन शब्दांत "संघटित व्हा" हा शोभेसाठी नाही.

म्हणून चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

एक, आपली नोकरी कोणत्या नियमांखाली आहे ते वाचा. या शहरातले बास्केटबॉल खेळाडू रेल्वेत, इंटिग्रल कोच फॅक्टरीत, बँकेत खेळाडूंच्या कोट्यातून लागतात. त्यांचं करिअर म्हणजे ती नोकरीच. रेल्वेत १९६६ चे आणि केंद्राच्या इतर खात्यांत १९६४ चे वर्तणूक नियम आहेत. राजकारणात भाग घेणं, सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करणं यावर त्यात बंधनं आहेत. जातीय छळाची तक्रार करणं म्हणजे राजकारण नव्हे. पण ती कुठे, कोणाकडे, कोणत्या शब्दांत करायची हे नियम वाचलेल्यालाच कळतं.

दोन, कागद. तोंडी सांगितलेलं टिकत नाही. जे घडलं ते त्याच दिवशी तारखेसह लिहा. अर्ज दिला तर पोच घ्या, ईमेल केला तर प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. पाळवणकरांनी आपलं कारण स्वतः लिहून ठेवलं, म्हणून शंभर वर्षांनंतरही ते आपल्याला सांगता येतं.

तीन, मुदत. हॉजेसचा दावा खरा की खोटा, इथपर्यंत गोष्ट गेलीच नाही. वेळ निघून गेली होती. आपल्याकडे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जायला साधारण एक वर्षाची मुदत असते. कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करायची असते, कारण दाखवलं तर ती वाढू शकते. "आत्ता नको, प्रोबेशन संपू दे" असं म्हणत आपण थांबतो, आणि तेवढ्यात दार बंद होतं. बोलायचं की नाही ते नंतर ठरवा, पण मुदत कधी संपते ते पहिल्या दिवशी शोधा.

चार, पैसा. नोकरी लागलेल्यांनी दर महिन्याला थोडी रक्कम एका सामायिक निधीत टाकावी आणि त्याचा हिशोब चोख ठेवावा. कुणाची फेलोशिप अडली तर दोन महिन्यांची मेस, कुणाला नोटीस आली तर वकिलाची पहिली फी. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण वर्गणी काढतोच. ही वर्गणी बारा महिन्यांची असेल. घरचे जे म्हणतात "भानगडीत पडू नको", त्यांना भाषणानं पटत नाही. मुलाच्या मागे दहा माणसं आणि थोडे पैसे आहेत, हे दिसलं की ते थोडे मोकळे होतात.

शेवटचं. इथून जाताना तुम्ही स्वतःला विचाराल, माझ्यावर वेळ आली तर मी हॉजेससारखा वागेन का? हा प्रश्न चांगला आहे, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांवर ती वेळ येणार नाही. दुसरी वेळ मात्र प्रत्येकावर येईल. तुमच्या लॅबमधला, हॉस्टेलमधला, ऑफिसातला कुणी एक जण बोललेला असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे त्याला टाळत असतील. कँटीनमध्ये त्याच्या टेबलाच्या खुर्च्या रिकाम्या असतील. त्या सकाळी तुम्ही कुठे बसता, साक्षीदार म्हणून सही करता की नाही, संध्याकाळी त्याच्या घरी फोन करून "आम्ही आहोत" असं सांगता की नाही, यावर त्याला किती किंमत पडेल ते ठरेल. हॉजेसना ते पत्र लिहिल्याचा पश्चात्ताप नव्हता. त्यांना कमी पडली ती शेजारी उभी राहणारी माणसं.

आजच्या बैठकीनंतर पाच-सहा जण थांबा. निधीची वही आणि फोन नंबरांची यादी, या दोन गोष्टी आजच सुरू करू.

जय भीम.